तीन दिवसांत लंडन: सासूबाईंचे गुडघे, सासऱ्यांचं लॉर्ड्स आणि 22 ठिकाणांची यादी

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. मेच्या मध्यावर मुंबईहून निघणार, बुधवारी दुपारी हीथ्रोला उतरणार, रविवारी सकाळी परत, म्हणजे पूर्ण दिवस हातात फक्त तीन: गुरुवार, शुक्रवार, शनिवार. माणसं पाच. तुम्ही दोघं, 9 वर्षांची मुलगी, 71 वर्षांचे सासरे ज्यांना लॉर्ड्सचं क्रिकेट मैदान बघायचंच आहे, आणि 67 वर्षांच्या सासूबाई ज्यांचे गुडघे जिने आले की बोलायला लागतात. 22 ठिकाणांची यादी देऊन तुम्ही विचारलंय की यांचा क्रम कसा लावू, सगळं कव्हर करणारा पास घेऊ का, आणि वेम्बलीला हॉटेल स्वस्त मिळतंय ते बुक करू का.

क्रम लावून देता येईल, पण तुमचा खरा प्रश्न मला यादीच्या खालच्या ओळीत दिसला. "एवढा खर्च करून जातोय, परत कधी जमेल माहीत नाही." हे वाक्य मी दर सीझनला ऐकते आणि त्यात काही चूक नाहीये, पैसे कष्टाचे असतात, पण याच वाक्यामुळे माणसं यादीतलं एकही नाव खोडू शकत नाहीत. तुम्हाला कोणीतरी सांगायला हवंय की काय सोडलं तर चालेल. तर ते सांगायचा प्रयत्न करते.

मी गेली 17 वर्षं छोटे ग्रुप घेऊन युरोपला जातेय, बहुतेक पुण्या-नाशिककडची कुटुंबं, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत. सुरुवातीला मीही दिवसाला सात-आठ ठिकाणं करायची, कारण ब्रोशरवर ते भरगच्च दिसतं. एकदा टॉवर ऑफ लंडनला आम्ही दुपारी अडीचला पोचलो. आतमध्ये सगळी दगडी फरशी, उंचसखल, आणि रत्नं ठेवलेल्या इमारतीबाहेर लांब रांग. आमच्यातल्या एक आजी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या बघून, मी इथेच बरी." नातवाला कोहिनूर दाखवायचा म्हणून आलेल्या आजी, कोहिनूर शंभर पावलांवर असताना बाहेर बसून राहिल्या. त्या दिवशी सकाळी आम्ही तीन ठिकाणी नुसतं फोटोपुरतं उतरलो होतो. ती तीन ठिकाणं आज कोणाला आठवत नसतील, पण त्या आजी बाकावर बसलेल्या मला अजून दिसतात. तेव्हापासून मी दिवस आखताना आधी सगळ्यात दुखऱ्या गुडघ्यांचा विचार करते, बाकीच्यांचं आपोआप जमतं. दिवसाचं मोठं ठिकाण सकाळी, अंग ताजं असताना, आणि एका दिवसात शहराचा एकच भाग.

आता यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य. तुम्ही दोघंच असता आणि वय पंचविशीचं असतं तर मी सांगितलं असतं की बिनधास्त वेम्बलीला राहा आणि रात्री अकरापर्यंत चाला. पावसाचा भरवसा नाही, सासूबाईंना चालताना काठी लागते की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि लॉर्ड्सला त्या दिवसांत मॅच असेल तर अख्खा प्लॅन उलटा फिरवावा लागेल. म्हणून मी नुसतं टाइमटेबल न देता कारणंही लिहितेय, म्हणजे काही बदललं तर तुम्हालाच हलवता येईल.

पहिलं, घड्याळ. मे महिन्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे तिथे पहाटेचे चार वाजतील तेव्हा आपल्याकडे साडेआठ, सासरे-सासूबाई टक्क जागे होऊन चहा शोधत असणार. आणि तिथे संध्याकाळी सात वाजले की शरीराच्या हिशोबाने रात्रीचे साडेअकरा. लोक याला त्रास म्हणतात, पण थोड्या दिवसांच्या ट्रिपला हा फायदा आहे. झोप पहिले दोन-तीन दिवस लवकर उघडतेच, तर सकाळी सातला बाहेर पडा, वेस्टमिन्स्टर ब्रिजवर तेव्हा गर्दी नसते, ऊन कोवळं असतं आणि बिग बेनचे फोटो कोणाचीही कोपरं न खाता मिळतात. उलट पहिल्या दोन संध्याकाळी कुठलाही महागडा शो बुक करू नका, मी भरल्या थिएटरात माणसं गाढ झोपलेली बघितलीत. उजेड तिथे तेव्हा रात्री पावणेनऊच्या सुमारापर्यंत असतो, त्यामुळे दुपारी दोन तास खोलीवर जाऊन पाठ टेकली तरी दिवस संपत नाही, संध्याकाळ परत मिळते.

आणि इथेच हॉटेलचा प्रश्न येतो. वेम्बली वाईट नाही, ईलिंग रोडवर गुजराती फरसाणापासून सगळं मिळतं, मध्य लंडनला जायला ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वेही चांगली आहे. पण तिथून दुपारी खोलीवर येऊन परत जाणं होत नाही, एकदा बाहेर पडलात की रात्रीच परत. तुमच्या ग्रुपला ती दुपारची विश्रांती लागणार आहे, मी तर म्हणेन तीच तुमची सगळ्यात महत्त्वाची बुकिंग आहे. तुमच्यासाठी मी पॅडिंग्टन निवडलं असतं. हीथ्रोहून एलिझाबेथ लाईन थेट तिथे येते, साधारण अर्ध्या तासात, लिफ्ट आहेत, बॅगा घेऊन जिने चढायचे नाहीत. पिकॅडिली लाईन स्वस्त पडते पण वेळ जास्त आणि ती पॅडिंग्टनला जात नाही, कुठेतरी गाडी बदलावी लागते. शिवाय पॅडिंग्टनहून वेस्टमिन्स्टर, टॉवर हिल आणि साउथ केन्सिंग्टन या तिन्ही ठिकाणी न बदलता एकाच ट्यूबने जाता येतं, आणि लॉर्ड्स टॅक्सीने जवळ.

फक्त एक सांभाळा. त्या भागातली बरीच स्वस्त हॉटेलं म्हणजे जुनी उभी घरं आहेत, अरुंद जिने, आणि कित्येकांत लिफ्टच नाही. फोटोत हे कळत नाही. बुकिंगच्या आधी मेल करून विचारा, लिफ्ट आहे का आणि ती सगळ्या मजल्यांवर जाते का, नसेल तर तळमजल्याची खोली लेखी मागा. आणि खोल्या लहान असतात हं, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही.

आता फिरणं. वेगळा ट्रॅव्हल पास वगैरे काही लागत नाही, टॅप करायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलं की ट्यूब आणि बस दोन्ही चालतात, भाडं तिथल्या ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डाइतकंच आणि दिवसाला एक कमाल मर्यादा असते, त्यापुढे कितीही फिरलात तरी पैसे कापत नाहीत. पण प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं हवं, एकाच कार्डावर चौघं जाता येत नाही, आणि सकाळी कार्ड वापरलं तर संध्याकाळी तेच कार्ड वापरायचं, फोन नाही, कारण सिस्टिम त्यांना दोन वेगळी समजते आणि मर्यादेचा फायदा जातो. ट्यूबला आत जाताना आणि बाहेर येताना टॅप, बसला फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. मुलगी 11 च्या आतली आहे म्हणून तुमच्याबरोबर तिला ट्यूब फुकट, रुंद गेटमधून तिला बरोबर घेऊन जा. आणि निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर आणि टॅप पेमेंट दोन्ही चालू करा, आपल्याकडची कार्डं बहुतेक या बाबतीत बंद असतात आणि हे हीथ्रोच्या गेटवर कळणं फार वाईट.

सासूबाईंसाठी एक नियम: शक्य तिथे ट्यूबऐवजी बस. ट्यूबच्या जुन्या स्टेशनांत एक गाडी बदलायची म्हणजे बोगदे, जिने आणि परत जिने. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून लोक जिन्याने निघतात, त्या 193 पायऱ्या आहेत. बसला एक पायरीसुद्धा अवघड नाही आणि खिडकीतून शहर दिसतं, तेही दर्शनच आहे. ट्रॅफाल्गर स्क्वेअरहून 15 नंबरची बस सेंट पॉल्सवरून टॉवरपर्यंत जाते, ती राइड मी ग्रुपला मुद्दाम देते. आणि थकवा आला की काळी टॅक्सी करा, तीत पाच प्रवासी बसतात, तुम्ही पाचच आहात. पाच जणांत विभागलं तर वाटतं तितकं महाग पडत नाही.

दिवस ठरवताना आधी हलवता न येणारी गोष्ट धरायची, आणि तुमच्याकडे ती एकच आहे, लॉर्ड्स. मे म्हणजे क्रिकेटचा सीझन, मॅचच्या दिवशी ग्राउंडची टूर नसते. त्यांच्या साइटवर तुमचे तीन दिवस बघा, ज्या दिवशी सकाळची टूर मिळेल ती आजच बुक करा, मग बाकीचे दोन दिवस त्याभोवती लावा. मी खाली ते शनिवार धरून लिहितेय.

बुधवारी काहीही नाही. खोलीवर जा, अंघोळ करा, जवळच्या हाइड पार्कात तासभर गवतावर बसा, मुलीला पळू दे, लवकर जेवून झोपा. चार तास वाया गेले असं वाटेल, पण पुढचे तीन दिवस त्यावर उभे आहेत.

गुरुवार वेस्टमिन्स्टर. सातच्या सुमारास ब्रिज, मग पार्लमेंट स्क्वेअर, तिथे 2015 साली बसवलेला गांधीजींचा पुतळा आहे. मुलीला सांगा की बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, टॉवरचं नाव 2012 पासून एलिझाबेथ टॉवर. तिथून सेंट जेम्सेस पार्क, तळ्यात पेलिकन आहेत, भरपूर बाक आहेत. नवऱ्याला आणि मुलीला बकिंगहॅम राजवाडा बघायचा असेल तर पार्कच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येऊ दे, सासू-सासरे बाकावर. राजवाड्यासमोरची पहारा बदलण्याची परेड साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी असते, म्हणजे गुरुवारी नाहीच, आणि असती तरी मी म्हाताऱ्या माणसांना तिथे नेत नाही, तासभर आधी उभं राहावं लागतं आणि दिसतात लोकांची डोकी. त्याऐवजी हॉर्स गार्ड्सला अकरा वाजता घोडेस्वारांचा पहारा बदलतो, रविवार सोडून रोज त्याच वेळी, जवळून दिसतो. आदल्या दिवशी साइटवर खात्री करून घ्या, उन्हाळ्यातल्या मोठ्या परेडच्या तयारीमुळे कधी कधी तो भाग बंद असतो. पुढे चालत ट्रॅफाल्गर स्क्वेअर आणि नॅशनल गॅलरी. प्रवेश फुकट, व्हॅन गॉगची सूर्यफुलं बघा, बसा, स्वच्छ टॉयलेट वापरा. हे टॉयलेटचं मी मुद्दाम लिहितेय, वयस्कर माणसं बाहेर सोय मिळेल की नाही या काळजीने पाणीच पीत नाहीत आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतात. फुकट म्युझियमं ही त्या शहरातली सगळ्यात चांगली सोय आहे, रस्ता आखताना दर दोन तासांनी एक येईल असं बघा.

तिथून पुढे घर दोन भागात वाटून घ्या. तिघं खोलीवर झोपायला, आणि एक जण मुलीला घेऊन साउथ केन्सिंग्टनला नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. डायनासोर आहेत, आणि मुख्य हॉलमध्ये 2017 पासून निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा वर टांगलाय, मुलं मान वर करून उभीच राहतात. प्रवेश फुकट, पण वेळेचं तिकीट आधी ऑनलाईन काढून ठेवा. आपल्या लोकांना वाटतं की कुटुंब म्हणून गेलो तर चोवीस तास एकत्रच हवं, पण 9 वर्षांचे पाय आणि 67 वर्षांचे गुडघे एका वेगाने चालवले की दोघंही चिडतात. रात्री जेवताना दोघांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असतं ते वेगळंच.

तुमच्या यादीत 14 नंबरला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममधली वाघनखं आहेत. ती जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली, साताऱ्याच्या संग्रहालयात, त्यामुळे ती लंडनला परत गेलीत का हे आधी बघा. फक्त त्यासाठी जाणार असाल आणि ती तिथे नसतील तर सासऱ्यांचा फार विरस होईल.

शुक्रवार टॉवर आणि नदी. टॉवरचं तिकीट ऑनलाईन आधी काढा, दार उघडतं त्या वेळेला तिथे हजर राहा आणि बाकी काहीही न बघता सरळ रत्नांच्या इमारतीकडे जा. मुकुटांच्या बाजूने सरकता पट्टा आहे, गर्दी नसली तर परत फिरून दुसऱ्यांदा बघता येतं. कोहिनूर राणी एलिझाबेथ यांच्या आईच्या मुकुटात आहे. मुलीला तिथे एक गोष्ट नक्की सांगा, 1849 मध्ये लाहोरच्या तहात तो हिरा ज्या महाराजा दुलीपसिंगाकडून घेतला तो तेव्हा 10 वर्षांचा होता, म्हणजे जवळपास तिच्याच वयाचा. मुलं हे विसरत नाहीत. व्हाइट टॉवरमध्ये गोल जिने आहेत, सासूबाईंनी बाहेर कावळे बघत बसावं. आपल्या कावळ्यांपेक्षा बरेच मोठे आहेत ते, आणि ते उडून गेले तर राज्य बुडेल अशी तिथली समजूत.

बाराच्या आसपास बाहेर पडून टॉवर ब्रिजचे फोटो, मग टॉवरच्या धक्क्यावरून ग्रिनिचची बोट. लोकांची रोजची बोट, कार्ड टॅप करून जाता येतं, भाडं मात्र ट्यूबच्या मर्यादेत धरत नाहीत. वीसेक मिनिटं नदीतून बसून जायचं, पाय पसरून. ग्रिनिचची वेधशाळा टेकडीवर आहे आणि चढ चांगलाच आहे, तेव्हा सासूबाई खाली नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये, प्रवेश फुकट, आणि बाकीचे वर. शून्य रेखांशाची ती प्रसिद्ध रेघ अंगणात आहे, त्याला तिकीट लागतं, पण तीच रेघ बाहेरच्या वाटेवर भिंतीजवळही खुणेने दाखवलीय आणि तिथे पैसे पडत नाहीत. मुलीकडून गणित करून घ्या: आपली वेळ 82.5 अंशांची, दर 15 अंशांना एक तास, म्हणजे साडेपाच तास. मग ती विचारेल की आत्ता साडेचारच का, तर उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढे करतात. येताना परत बोटीनेच वेस्टमिन्स्टरपर्यंत या, तिथून ट्यूब, जिन्यांचा प्रश्न बराच सुटतो.

पाऊस लागला तर ग्रिनिच सोडून ब्रिटिश म्युझियम, शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथे आहेत, तेवढीच बघितली तरी चालेल, अख्खं म्युझियम करायला जाऊ नका.

शनिवार लॉर्ड्स. टूर साधारण पावणेदोन तासांची, चालणं आणि जिने आहेत, सासूबाईंना यायचं नसेल तर तुम्ही दोघी रीजंट्स पार्कमध्ये बसा. सासरे मात्र भारताने विश्वचषक जिंकला त्या 25 जून 1983 ची गॅलरी बघून बाहेर येतील तेव्हा थोडे गप्प असतील, होऊ दे तसं, त्यांना लगेच पुढे पळवू नका. तिथून टॅक्सीने किंग हेन्रीज रोड, 10 नंबरचं घर, बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना 1921-22 मध्ये तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते घेतलं आणि आता स्मारक आहे. तुमच्या 22 मध्ये हे नव्हतं. मी मात्र प्रत्येक मराठी ग्रुपला नेते, साधी निवासी गल्ली, लहानसं घर, आणि या खोलीत बसून तो माणूस अभ्यास करत होता हे डोळ्यांनी दिसतं. उघडं असण्याच्या वेळा आधी बघून घ्या. शेजारीच प्रिमरोज हिल, हळूहळू चढलं की बाकावर बसून अख्खं लंडन समोर. शनिवारी निघायच्या आधी ट्यूबची स्थिती बघा, वीकेंडला दुरुस्तीसाठी लाईनी बंद ठेवतात.

आता खोडायची नावं. लंडन आय सोडा, उंचावरून बघायचंच असेल तर स्काय गार्डन फुकट आहे, साधारण तीन आठवडे आधी त्याची तिकिटं सुटतात आणि पटकन संपतात. मेणाचे पुतळे सोडा. विंडसर, स्टोनहेंज, ऑक्सफर्ड तिन्ही सोडा, प्रत्येकाला जवळपास दिवस जातो. वेस्टमिन्स्टर ॲबी बाहेरून बघा, टॉवर आणि ॲबीत एकच आतून बघायचं तर तुमच्या घरासाठी टॉवर. आणि पॅरिसला एक दिवस जाऊन येऊ हे जे कंसात लिहिलंय ते तर अजिबात नको, ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही, त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. एवढं खोडलं की पासचं उत्तर मिळालंच. वरच्या प्लॅनमध्ये तिकिटाची मोठी ठिकाणं दोनच उरतात, टॉवर आणि लॉर्ड्स. पास घेतला की तो वसूल करायला माणूस धावतो, म्हणून तुम्हाला नको.

जेवणाचं थोडक्यात. तुम्ही शाकाहारी आहात आणि सासूबाई अंडं खात नाहीत, तर पाकिटावर व्हेजिटेरियन लिहिलं असलं तरी आत अंडं असू शकतं, व्हीगन लिहिलेलं घ्या. दुपारी सुपरमार्केटचं सँडविच आणि फळं, पार्कात बसून. रात्री एखाद्या दिवशी यूस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर, तिथे भारतीय शाकाहारी जेवण मिळतं. खाकरा, मेथीचे ठेपले बरोबर असू द्या, आणि तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर विसरू नका, खोलीवर चहाची किटली बहुधा असतेच, पण फोन चार्ज करायला तो लागतोच. छत्रीपेक्षा टोपीवाली पावसाळी जाकिटं बरी. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा बघू नका, सायकलवरून येऊन फोन हिसकावतात, भिंतीकडे वळून बघा.

लॉर्ड्सची तारीख कुठल्या दिवशी मिळाली तेवढं कळवा. गुरुवारची मिळाली तर वेस्टमिन्स्टर शनिवारी जाईल आणि नॅचरल हिस्टरी म्युझियमची गर्दी वाढेल, मग मुलीची ती दुपार शुक्रवारी ग्रिनिचऐवजी लावावी लागेल, ते बसवून देते.